बिनतोंडाचे महाराज

संशय आमच्या घरात वारशानं आला. माझे आजोबा, ज्यांना आम्ही कानडी रिवाजाप्रमाणे मुत्या म्हणायचो, खांद्यावर कापडाचं गठुडं टाकून सोलापुरापासून दुधनीपर्यंतचे आठवडी बाजार करायचे. लुगडी, खण, पंचे असला माल. त्यांचा एकच फोटो घरात होता, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कुणा फोटोवाल्यानं काढलेला. मागे रंगवलेल्या कापडावर राजवाड्याचे खांब, कमानी आणि कारंजं, आणि त्यापुढे गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेले मुत्या, डाव्या खांद्यावर गठुडं घेऊन उभे. फोटोवाल्यानं गठुडं खाली ठेवायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, “मी तुझ्या डबड्याकडं बघत बसू, आन् गठुड्याकडं कोण बघणार?” शेवटपर्यंत त्यांनी ते ठेवलं नाही. फोटोत त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरून एक लहान मुलगी उभी आहे. ती माझी आत्या.

आई मी लहान असतानाच गेली. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतलेल्या या आत्यानंच मला वाढवलं. रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की ती बोटांना लागलेली विभूती घेऊन फोटोपाशी जायची आणि काचेवर, मुत्यांच्या कपाळावर बरोबर, तीन आडवे पट्टे ओढायची. तिच्या दृष्टीनं त्याशिवाय दिवस सुरू होत नसे. मुत्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगलाच उतरलेला होता. गठुडं नसलं तरी तो तसाच खाली राहायचा. “त्या खांद्यावर बसलं की घसरायला व्हायचं,” आत्या तिच्या आप्पाबद्दल, म्हणजे मुत्यांबद्दल, सांगायची, “मग आप्पा एक हात वर धरायचा मला.” हे सांगताना तिचा स्वतःचा हात वर जायचा.

मुत्यांचा संशयी स्वभाव आत्यात उतरला आणि आत्याकडून माझ्यात. आम्ही दोघी दूधवाल्याच्या मापावर, ज्योतिषाच्या पंचांगावर आणि रेडिओवरच्या हवामानावर सारखाच संशय घेत असू. माझे वडील, अण्णा, तेवढे वेगळे निघाले. सोलापूरच्या नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, गादीवर पांढरी खोळ होती, आणि आपला व्यवसाय ते ‘पिढीजात कापडाचा व्यापार’ असा सांगत. त्यात खोटं काहीच नव्हतं, फक्त गठुडं गाळलेलं असायचं.

मी बी.ए. झाले आणि लगेच एक स्थळ चालून आलं. दुधनीच्या पलीकडचं, अगदी सरहद्दीजवळचं गाव. माणसं आमच्यातलीच, लिंगायत. एका लहानशा संस्थानात त्यांच्या घराण्याकडे पूर्वी जहागीर होती, असं मध्यस्थानं सांगितलं. संस्थान कधीच गेलं होतं, राजेलोकांचे तनखेसुद्धा सरकारनं नुकतेच बंद केले होते. तरी अण्णांनी ‘जहागीरदार’ हा शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि त्यांना तो आवडला. मुलगा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. त्याच्या आईचे गुडघे धरलेले, तिला प्रवास झेपत नाही, तेव्हा मुलीलाच एकदा घेऊन या, असा निरोप आला.

“मुलगी त्येंनी बघायला यायची का आपन न्हेऊन दावायची?” आत्यानं विचारलं. “ही कुटली रीत?”

“मोठ्या घरच्या मोठ्या रीती असतात, अक्का,” अण्णा म्हणाले. अण्णा तिला अक्का म्हणत, ती त्यांना तम्मा म्हणायची. मला त्या घरात द्यायचं की नाही, एवढाच खरा प्रश्न होता. तो माझ्या आयुष्याचा होता, म्हणून मी पहिल्यापासून कान टवकारून होते.

गाडीनं दुधनी आणि पुढे त्यांनी पाठवलेली बैलगाडी, असे आम्ही तिघं पोचलो. घर ऐसपैस होतं, पण एकूण शेतकऱ्याचं घर. ओसरीत भुईमुगाच्या शेंगांची पोती लावलेली, कोपऱ्यात पेंडेचा वास. आतल्या बैठकीच्या खोलीत मात्र पाऊल टाकलं आणि अण्णांनी पायातल्या चपलांकडे पाहिलं. त्या त्यांनी बाहेरच काढल्या होत्या, तरी पाहिलं. समोरच्या भिंतीवर माणूसभर उंचीचं तैलचित्र होतं.

चित्रात एक महाराज उभे होते. डोक्याला जरीचा फेटा, त्यावर तुरा, अंगात गुडघ्यापर्यंतचा जांभळा कोट, छातीवर बिल्ले. एक हात तलवारीच्या मुठीवर, दुसरा एका नाजूक पायांच्या टेबलावर, आणि टेबलावर एक जाड पुस्तक. डावा पाय जरा पुढे टाकलेला. मागे हिरवा मखमली पडदा, गोंडेवाल्या दोरीनं बाजूला ओढलेला, आणि त्यामागून डोकावणारा संगमरवरी खांब. हा पडदा नेमका कशावरून ओढलाय, हे मला कळेना. मागे खिडकी नाही की दार नाही. नुसता पडदा आणि खांब, म्हणजे छप्पर कशावर टेकलंय तेही कळत नव्हतं.

“आमचे आजोबा,” मुलाचे वडील म्हणाले. ते पुस्तकी मराठी बोलत, शब्द जपून टाकत. “या भागात त्यांचा शब्द अखेरचा असे.”

मला आठवतं ते अण्णांचं बदलणं. दुकानात गिऱ्हाइकाशी मोकळ्या आवाजात बोलणारा माणूस, त्या चित्रासमोर एकदम हळू बोलायला लागला. खुर्चीच्या कडेला बसला. चहाचा कप बशीत ठेवताना आवाज होऊ नये म्हणून जपू लागला. समोर पोट सुटलेले, साधेसे गृहस्थ बसले होते, त्यांना घाबरण्यासारखं काही नव्हतं. अण्णा भीत होते ते त्यांच्या डोक्यावर टांगलेल्या कॅनव्हासला. रंग लावलेलं एक कापड माझ्या बापाला खुर्चीच्या कडेवर ढकलतंय, याचा मला राग आला. मग मी त्या चित्राकडे नीट बघायला लागले.

शाळेत मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा दिलेल्या होत्या. तांब्या आणि दोन लिंबं यांच्यावर उजेड कुठून पडतो, हे मास्तरांनी आमच्याकडून घोटून घेतलं होतं. महाराजांच्या तोंडावर उजेड डावीकडून पडला होता. कोटावर मात्र तो उजवीकडून येत होता. मान आणि कॉलर जिथं मिळत होती तिथं एक दिवस मावळून दुसराच उगवल्यासारखं वाटत होतं. मी आत्याकडे पाहिलं. ती वेगळंच काहीतरी शोधत होती.

“व्हय ओ,” ती मुलाच्या वडिलांना म्हणाली, “तुमच्या आजोबांच्या अंगावर लिंग दिसंना?”

आमच्यात हा प्रश्न साधा नाही. लिंगायत माणूस जन्मापासून मातीत जाईपर्यंत इष्टलिंग अंगावरून उतरवत नाही. त्या काळचे लोक चांदीची करडगी, म्हणजे लिंगाची डबी, शिवदोऱ्यात ओवून छातीवर रुळेल अशी घालत, आणि चित्र काढायचं असेल तर ती आधी पुसून लखलखीत करत. तलवार विसरली तर चालेल, करडगी विसरणं शक्य नाही.

गृहस्थांनी वर चित्राकडे पाहिलं. “आत असतं ते. कोटाच्या आत.”

“आसंल की,” आत्या म्हणाली, आणि तिनं लाडवाचा तुकडा मोडला.

परतीच्या गाडीत अण्णा खूश होते. माणसं मोठी आहेत, असं ते खिडकीबाहेर बघून पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी विचारलं, “माणसं मोठी आहेत की चित्र?” त्यावर ते चिडले. शिकल्यामुळे मुली कुठलीच गोष्ट सरळ बघत नाहीत, असं म्हणाले. मुलाशी मी जेमतेम चार वाक्यं बोलले होते. तो बरा वाटला होता, पण बरा वाटणं पुरेसं नव्हतं. जे घर स्वतःचा आजोबासुद्धा खरा लावत नाही, ते मला काय खरं सांगणार, असं माझ्या डोक्यात बसलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुत्यांचा फोटो भिंतीवरून गेला. आत्या सकाळी बोटांवर विभूती घेऊन गेली तर तिथं खिळा आणि चुन्यावरचा फिकट चौकोन. अण्णा म्हणाले, काचेला तडा गेला होता, बदलायला दिलाय. आत्या रोज विचारायची, “आली का काच?” आणि अण्णा रोज नवं कारण द्यायचे. दुकानदार गावाला गेलाय, मापाची काच नाही. मला वास येत होता. आत्याला येत नव्हता. जगातल्या यच्चयावत माणसांवर संशय घेणारी ती बाई, सख्ख्या भावावर मात्र घेत नव्हती.

दरम्यान तो हिरवा पडदा मला स्वस्थ बसू देत नव्हता. कुठंतरी पाहिला होता. मग आठवलं. कॉलेजच्या वाटेवर एका सिनेमा थेटराच्या मागच्या बोळात एका पेंटरचं दुकान होतं. तो सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, आणि दारात नमुना म्हणून राजाचं एक चित्र टांगून ठेवायचा. एका दुपारी मी सरळ तिथं गेले.

पेंटर विणकरांच्या घरातला, तेलुगू बोलणारा, आणि स्वतःबद्दल भलताच आदर बाळगणारा माणूस होता. ‘पेंटर’ म्हटलेलं त्याला खपत नसे, आर्टिस्ट म्हणावं लागे. आत एका बाजूला नटीचा पलंगाएवढा चेहरा वाळत पडला होता. दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून ओळीनं महाराज उभे होते. जांभळा कोट, तलवार, टेबल, पुस्तक, पुढे टाकलेला डावा पाय, हिरवा पडदा. सगळे एकसारखे. फक्त फेट्याच्या खाली आणि कॉलरच्या वर, जिथं तोंड असायला हवं, तिथं नुसता कोरा पांढरा कॅनव्हास होता.

“यांची तोंडं कुठं आहेत?” मी विचारलं.

“तोंड गिऱ्हाईक आणतंय, बाई,” तो म्हणाला. “धड आपल्याकडं तयार. फोटो द्यायचा, आठवड्यानं राजा घेऊन जायचा.”

हे त्यानं मुळीच न लाजता सांगितलं. त्याच्या मते यात फसवणूक नव्हती, सोय होती. देशमुख येतात, पाटील येतात, साखर कारखान्याचा एक चेअरमन येऊन गेला, त्यानं फेटा काढून टोपी घालायला लावली आणि तलवार तशीच राहू दे म्हणाला. तरुणपणी पेंटर कुठल्याशा संस्थानात एका मोठ्या चित्रकाराच्या हाताखाली होता, तिथं त्यानं महाराजांच्या चित्राच्या नकला केल्या होत्या. ते धड त्याला पाठ झालं होतं. रिकाम्या वेळात तो ते काढून ठेवायचा, जशी बाई रिकाम्या वेळात शेवया करून ठेवते.

“म्हणजे सगळ्यांच्या अंगावर त्या महाराजांचं अंग,” मी म्हटलं.

तो हसला. “महाराजांचं कुठलं? महाराज बुटके, उभं राहायला वेळ नाही. हुजऱ्या होता त्यांचा एक, उंच, देखणा. त्याला कोट घालून उभा केला. महिनाभर त्यानं पाय पुढं टाकून ठेवला होता. महाराजांनी तोंड तेवढं दिलं.”

तो खरं बोलत होता की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. गोष्ट फारच चांगली होती, आणि चांगल्या गोष्टींचा मला संशय येतो. पण त्यानंतर कुठल्याही राजाचं चित्र पाहिलं की मी आधी पाय बघते, आणि हा पाय कोणाचा असेल, असा विचार करते.

दुधनीकडच्या त्या घराचं चित्र इथलंच का, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला चित्र टेकवायच्या लाकडी घोडीवरचा कॅनव्हास दिसला. चित्रातलं टेबल अजून ओलं होतं. कोऱ्या जागेवर शिसपेन्सिलीनं चौकटी आखल्या होत्या आणि त्या चौकटींत एक तोंड हळूहळू वर येत होतं. खोल डोळे, ओठावर दबलेली मिशी, समोरच्यावर भरवसा नसल्याचा तो भाव. रोज सकाळी मी ते तोंड विभूतीखाली पाहत आले होते.

“हे कोणाचं?” मी विचारलं, माहीत असून.

“नवी पेठेतल्या शेठचे वडील. फार घाई आहे त्यांची.”

मी तशीच दुकानात गेले. गादीवर गिऱ्हाईक बसलं होतं, ते जाईपर्यंत उभी राहिले. मग विचारलं. अण्णांनी नाकारलं नाही. उघडलेल्या ताग्याची पुन्हा घडी घालत राहिले, त्याच त्या ताग्याची, कितीतरी वेळ.

“ते लोक घर बघायला येणार,” ते म्हणाले. “भिंतीवर त्यांना काय दाखवू? गठुडं?”

“त्यांचं चित्रही तिथलंच आहे, अण्णा. धड रंगवलेलं, तोंड चिकटवलेलं. मी बघून आले.”

“असेल,” ते म्हणाले. “पण त्यांनी आधी लावलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझ्यासाठीच करतोय हे सगळं. तुला तिथं मान खाली घालायला लागू नये म्हणून. आणि आपण करडगी घालायला सांगितलीय. तेवढं मी विसरलो नाही.”

हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की मला त्यांची दया आली आणि त्याचाच राग आला. फोटो नीट परत येणार ना, असं विचारलं. येईल, असं म्हणताना ते कात्री शोधत होते.

त्याच संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मानच हलवली. “तम्मा आसं कशाला करंल? त्याला काय आप्पाची लाज वाटती व्हय?” मी पुन्हा सांगितलं, तर ती म्हणाली की मला लग्नच नको आहे, म्हणून मी भलतंसलतं बोलते. त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही. माझ्यावर संशय घेतला होता तिनं, भावाला सोडून.

ते लोक आले त्या दिवशी सकाळी हातगाडीवरून चादरीत गुंडाळलेलं चित्र आलं. आत्या पहाटेपासून चुलीपाशी शेंगाच्या पोळ्या लाटत होती, तिला कोणी बाहेर येऊ दिलं नाही. अण्णांनी आणि हातगाडीवाल्यानं मिळून ते टांगलं. चादर ओढली आणि मला हसू आवरेना. करडगी होती. पण पेंटरला ती कशी घालतात ते ठाऊक नव्हतं. धडावर आधीच बिल्ले होते, त्या रांगेत त्यानं एक बिल्ला वाढवला होता. लाल फितीला टांगलेली चांदीची करडगी, जांभळ्या कोटाच्या डाव्या बाजूला टोचलेली, लढाईत मिळवल्यासारखी. अण्णा ते बघत राहिले. बदलायला आता वेळ नव्हता.

मुलाचे वडील, मुलगा आणि मध्यस्थ आत आले. वडिलांनी वर पाहिलं. मी दाराच्या चौकटीपाशी उभी राहून त्यांचंच तोंड बघत होते. नजर आधी पडद्यावर गेली, तिथून टेबलावर, मग पुढे टाकलेल्या पायावर. त्यांना कळलं. मला वाटलं, आता उठतील. पण ते खुर्चीत मागे रेलून ऐसपैस बसले, आपल्याच माणसांत आल्यासारखे.

“आपले वडील?” त्यांनी विचारलं.

“हो. दुधनी भागात त्यांचा मोठा व्यवहार होता.”

“दिसतंच आहे. करारी मुद्रा आहे.”

मग दोघांचं चांगलंच जमलं. एकानं सनदेचा विषय काढला, दुसऱ्यानं दरबारच्या आमंत्रणाचा. एकमेकांच्या प्रत्येक बोलण्यावर ते मान डोलवत होते. त्यांना एकमेकांचं खोटं माहीत होतं आणि तेच त्यांना बांधून ठेवत होतं. आता लग्न ठरणार, हे मला स्पष्ट दिसलं. त्या दोन पडद्यांच्या मधे कुठंतरी मला आयुष्य काढायचं होतं. मला खरोखर भीती वाटली.

तेवढ्यात आत्या पोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. ताट टेबलावर ठेवलं, पदर सारखा केला आणि तिची नजर वर गेली. ती जवळ गेली. डोळे बारीक करून बघत राहिली.

“तम्मा, ह्यो कोन?”

“अक्का, आपले आप्पा.” अण्णांचा आवाज अगदी बारीक आला.

“आप्पा?” तिनं तोंडाकडे पाहिलं, मग खाली. “मग खांदा कुटं हाय त्याचा?”

आत्या ओरडली नाही, रडली नाही. हरवलेली वस्तू शोधावी तसं तिनं चित्राच्या डाव्या खांद्याकडे बोट नेलं. दोन्ही खांदे दाराच्या चौकटीसारखे सरळ होते. “आन् लिंग आसं बिल्ल्यावानी लावत्यात व्हय?” मग ती पाहुण्यांकडे वळली. तिच्या आवाजात टोचणं नव्हतं. ती खरंच त्यांना माहिती देत होती. “माझा बाप गठुडं घिऊन तुमच्या गावच्या बाजाराला यायचा. मी बी यायची संगं. तुमच्या घरच्या बायकांनी लई खण घेतल्यात त्याच्याकडनं. तुमचा आजा वट्ट्यावर शेंगा निवडत बसायचा. लई चांगला मानूस. ऊन लागलं की मला हाक मारून पानी द्यायचा, वर मूठभर शेंगा. परवा तुमच्या घरात चित्र बघितलं, पर त्यो मला वळखूच आला न्हाय, म्हनून तवा बोलले न्हाय.”

मुलाकडे माझं लक्ष गेलं. त्यानं मान खाली घातली होती, आणि तो हसत होता. चेष्टेचं हसू नव्हतं ते, सुटल्यासारखं होतं. शेंगा निवडणारा पणजोबा त्याला आवडला होता, निदान मला तसं वाटलं. त्या घरातलं एक माणूस मला पहिल्यांदा पसंत पडलं, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचे वडील उठून उभे राहिले.

“आमचा आजा शेंगा निवडत न्हवता,” ते म्हणाले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली होती. पोळीला कोणी हात लावला नाही. जिन्यावरून त्यांच्या चपला वाजत गेल्या, त्यांच्यामागून मुलाच्या आणि मध्यस्थाच्या.

पुढच्या आठवड्यात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका सगळ्यात आधी जुळवून पाहिली होती. खोटं चित्र लावलं म्हणून त्यांनी आम्हाला नाकारलं नाही. ते त्यांना चाललं होतं, आवडलंही होतं. ज्या घरातली बाई चित्रापुढे खरं बोलते, ते घर त्यांना नको होतं. मला सुटल्यासारखं झालं आणि दोन-चार दिवस त्या मुलाचं हसूही आठवत राहिलं. दोन्ही खरं आहे.

अण्णांनी आत्याशी बोलणं सोडलं. चित्र घरात नको, म्हणून त्यांनी ते दुकानात नेऊन गादीच्या मागे लावलं. तिथं ते कितीतरी वर्षं होतं. खेड्यातली गिऱ्हाइकं आत आली की त्याला हात जोडायची आणि भाव करताना हळू बोलायची. कुठले महाराज, असं कोणी विचारलं तर अण्णा म्हणत, “आमच्यातले.” त्या चित्रानं त्यांना फायदा झाला, असं मला वाटतं, पण ते स्वतः त्याच्याकडे पाठ करूनच बसत.

आत्यानं भावाला एकच गोष्ट मागितली. “फोटो दे माझा.” अण्णांनी चपला घातल्या आणि ते बाहेर गेले. तेव्हा मी पेंटरकडे गेले. त्यानं बराच शोध घेतला. आधी एक पुठ्ठा काढला. मुत्यांचं तोंड गोल कापून त्यानं त्या पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं, त्यावर शाईनं चौकटी मारल्या होत्या, आणि वर जांभळा रंग सांडून वाळला होता. एक डोळासुद्धा ओळखू येत नव्हता.

“कापलं कशाला?” मी विचारलं.

“तोंडच लागतंय, बाई. बाकीच्याचं काय करायचं?” मग आठवून त्यानं रंगाचा एक डबा उचलला आणि डब्याखाली ठेवलेला बाकीचा फोटो काढून दिला. कोपऱ्यावर तेलाचा गोल डाग पडला होता. शेठना हे दाखवलं होतं, तेव्हा ते राहू दे म्हणाले, असंही त्यानं सांगितलं. कात्री शोधणारे अण्णा मला आठवले. त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

मी तो ओढणीखाली धरून घरी आणला. वाटेत मी ठरवत होते की आत्याला काय सांगायचं. काच फुटली, पेंटर पळून गेला, काहीही. पण खोट्याचा मला पुरता वीट आला होता. मी तो तिच्या हातात दिला.

मागे राजवाडा होता, खांब होते, कारंजं होतं. गठुडं होतं. गठुड्याखाली उतरलेला खांदा होता, धोतर होतं, धोतराचा सोगा धरलेली लहान मुलगी होती. मुत्यांच्या तोंडाच्या जागी गोल भोक होतं, आणि त्यातून आत्याचा तळहात दिसत होता.

ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मला वाटलं आता कोसळेल. मी तिचा दंड धरला.

“तोंड न्हेलं तम्मानं,” ती म्हणाली. मग तिनं फोटो उजेडाकडे धरला. “ऱ्हाऊ दे. ह्यो माझा बाप हाय.”

काच बदलली नव्हती, फुटलीही नव्हती. चौकट अण्णांच्या कपाटात मिळाली, ती मी काढून दिली. फोटो जुन्या खिळ्याला, त्या फिकट चौकोनावर पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून आत्या बोटांवर विभूती घेऊन आली. अण्णा दुकानात निघाले होते, ते दारातच थांबले. सवयीनं तिचा हात कपाळाकडे गेला आणि भोकासमोर अडला. मग तो जरासा खाली आला, आणि तिनं तीन पट्टे उतरलेल्या खांद्यावर ओढले.